दहा वजा चार वजा तीन: पार्सर लिहिताना मी काय करते

१० - ४ - ३ चं उत्तर ३ येतं. मी लिहिलेल्या पहिल्या पार्सरच्या (मजकूर वाचून त्याची रचना ओळखणाऱ्या प्रोग्रामच्या) मते ते ९ होतं, आणि तीन आठवडे ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण माझ्या सगळ्या चाचण्यांमध्ये बेरजाच होत्या. बेरजेत कंस कुठेही घाला, उत्तर तेच. वजाबाकी इतकी दयाळू नसते.

काम साधं होतं: वापरणाऱ्याने टाइप केलेलं सूत्र वाचायचं आणि उत्तर काढायचं. आधी मी रेग्युलर एक्स्प्रेशनने (मजकुरातले नमुने शोधायच्या साधनाने) करून पाहिलं. कंसात कंस आला की ते कोलमडायचं, आणि कोलमडणारच होतं. किती कंस उघडे आहेत हे लक्षात ठेवायला कितीही वाढू शकेल अशी स्मृती लागते, आणि पुस्तकी अर्थाच्या रेग्युलर एक्स्प्रेशनकडे ती नसते. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्कीने १९५६ मध्ये भाषांच्या वर्णनाचे जे नमुने मांडले त्यांच्यातला फरक नेमका हाच. कंस जुळवायचे तर एक पायरी वर चढून कॉन्टेक्स्ट-फ्री ग्रामर (स्वतःलाच पोटात घेऊ शकणाऱ्या नियमांची यादी) घ्यावं लागतं. मग मी ग्रामर लिहिलं, आणि ते ९ त्यातूनच आलं.

पुढे बरेच पार्सर लिहिले, काही जनरेटरकडून (ग्रामर दिलं की पार्सर तयार करून देणाऱ्या साधनाकडून) करून घेतले, काही फेकून दिले. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण बाकी सगळं तिच्यावर टांगलेलं आहे. पार्सिंगच्या पद्धती ढीगभर आहेत, पण प्रत्येकीपुढे प्रश्न एकच असतो: समोर हे टोकन (संख्या, चिन्ह, कंस असा मजकुराचा एक तुकडा) आलंय, आता कोणता नियम लावू? काही पद्धती आधीच ठरवून मोकळ्या होतात. काही सगळं वाचून झाल्यावर ठरवतात. काही ठरवायचंच टाळतात. कुठली पद्धत घ्यायची हे कळायला त्या निर्णय कधी घेतात एवढं पाहिलं तरी पुष्कळ होतं.

## आधी कागद

कोडला हात लावण्याआधी ग्रामर कागदावर लिहा. माझं असं होतं:

    पदावली → पदावली '-' पद | पद
    पद → पद '*' अवयव | अवयव
    अवयव → संख्या | '(' पदावली ')'

नावं शाळेच्या बीजगणितातली आहेत. बाणाच्या डावीकडे येणारी नावं नॉनटर्मिनल. अवतरणातली चिन्हं आणि ‘संख्या’ ही टर्मिनल, म्हणजे लेक्सरकडून, मजकुराचे तुकडे पाडणाऱ्या भागाकडून, आयती मिळणारी टोकनं. अशा नियमांनी प्रोग्रामिंगची भाषा लिहून काढायची रीत जॉन बॅकसने १९५९ मध्ये आणली, पीटर नाउरने १९६० च्या अल्गोल ६० च्या अहवालात ती वापरली, आणि दोघांच्या नावावरून तिला बीएनएफ (बॅकस-नाउर फॉर्म) म्हणतात.

या तीन ओळींत दोन निर्णय लपलेत. पहिला थरांचा: गुणाकार खालच्या थरात आहे, म्हणून तो आधी बांधला जातो. दुसरा आवर्तनाच्या बाजूचा: ‘पदावली’ नियमाच्या उजव्या अंगात सगळ्यात डावीकडे पुन्हा ‘पदावली’च आहे, म्हणून झाड (कशाशी काय जुळलं ते दाखवणारी आकृती, पार्स ट्री) डावीकडे वाढतं आणि १० - ४ - ३ चा अर्थ (१० - ४) - ३ होतो. अग्रक्रम आणि जुळणीची बाजू या दोन्ही गोष्टी ग्रामरच्या आकारातच बसलेल्या असतात. पार्सर फक्त तो आकार वाचतो.

हे थर आळसापोटी गाळले तर काय होतं बघा:

    पदावली → पदावली '-' पदावली | संख्या

दिसायला सुटसुटीत. पण दोन वजाबाक्यांना आता दोन झाडं बसतात, तीनांना ५, चारांना १४, आणि दहा वजाबाक्यांना १६,७९६. ही कॅटलान संख्यांची माळ आहे. एका वाक्याला एकापेक्षा जास्त पार्स ट्री निघत असतील तर ग्रामर संदिग्ध. कुठलंही ग्रामर दिलं की ते संदिग्ध आहे की नाही हे हमखास सांगेल असा अल्गोरिदम अस्तित्वातच नाही. ते सिद्ध झालेलं आहे. त्यामुळे एखादं साधन ‘काही सापडलं नाही’ म्हणालं तरी निर्धास्त होऊ नका.

लेक्सरबद्दल एकच सांगते, बाकी तो भाग कंटाळवाणा आहे. ऋण चिन्ह संख्येच्या टोकनात कोंबू नका. तसं केलं तर ४-३ मधून ‘४’ आणि ‘-३’ अशा दोन संख्या निघतात आणि मधलं चिन्ह गायब. हेही मी करून बसले आहे.

## आधीच ठरवणारे

प्रत्येक नॉनटर्मिनलसाठी एक फंक्शन, नियमात दुसरं नॉनटर्मिनल आलं की त्याच्या फंक्शनला हाक. रिकर्सिव्ह डिसेंट म्हणतात ते हेच. वरचं ग्रामर जसंच्या तसं उतरवलं तर ‘पदावली’ फंक्शनची पहिली ओळ ‘पदावली’लाच हाक मारते, एकही टोकन न खाता. स्टॅक (अपुऱ्या राहिलेल्या हाकांची थप्पी) भरतो आणि प्रोग्राम आडवा पडतो. डाव्या आवर्तनाची ही रड साध्या वरून-खाली पद्धतींना आहे.

इथेच मी ती चूक केली. नियम उलटा केला:

    पदावली → पद '-' पदावली | पद

प्रोग्राम चालायला लागला, मी खूश. पण बाजू उलटवली की अर्थही उलटतो: १० - (४ - ३), म्हणजे ९. हातात आलेलं ते दुसऱ्याच भाषेचं ग्रामर होतं. तिच्यात लिहिता येणारी वाक्यं तेवढी पहिलीसारखीच होती.

पुस्तकात याचा उपाय असा देतात:

    पदावली → पद शेपूट
    शेपूट → '-' पद शेपूट | रिक्त

डावं आवर्तन गेलं, वाक्यं तीच राहिली. पण झाड अजून उजवीकडेच कलतं. ते डावीकडे वळवायचं काम तुमच्यावर पडतं. हाताने लिहिताना मी या शेपटाच्या वाटेला जात नाही, सरळ लूप लावते:

    पदावली():
        डावे = पद()
        जोवर पुढचे टोकन '-' आहे:
            टोकन खा
            उजवे = पद()
            डावे = गाठ('-', डावे, उजवे)
        डावे परत दे

‘डावे’ दर फेरीत स्वतःलाच पोटात घेऊन मोठं होतं. पहिल्या फेरीत (१० - ४), दुसरीत ((१० - ४) - ३). तीन आठवड्यांच्या घोळावरचा उपाय एवढाच होता.

शेपटाचं ग्रामर मात्र एका गोष्टीसाठी कागदावर सोडवून बघण्यासारखं आहे: फर्स्ट आणि फॉलो संच. एका टोकनात डोकावून नियम निवडता येईल का, हे त्यांच्यावरून कळतं. थोडा वेळ गुणाकार बाजूला ठेवू आणि पद → संख्या | '(' पदावली ')' एवढंच धरू. ‘पद’ कशाने सुरू होऊ शकतं? संख्या किंवा उघडा कंस. ‘पदावली’ पदानेच सुरू होते, म्हणून तिचा फर्स्ट संच तोच. ‘शेपूट’ वजाने सुरू होतं किंवा रिक्त असतं. आता फॉलो, म्हणजे त्या नावानंतर काय येऊ शकतं. ‘पदावली’नंतर बंद कंस किंवा मजकुराचा शेवट. ‘शेपूट’ हे पदावलीचं शेवटचं अंग, म्हणून त्याचाही फॉलो तोच. ‘पद’नंतर शेपूट येतं, तेव्हा वजा, आणि शेपूट रिक्त असू शकतं, म्हणून बंद कंस आणि शेवटही.

निर्णयाची जागा फक्त शेपटाची आणि पदाची. शेपटापाशी वजा दिसला तर पहिला पर्याय, बंद कंस किंवा शेवट दिसला तर रिक्त. दोन्ही संचांत सामाईक काही नाही. पदाचे दोन पर्यायही वेगवेगळ्या टोकनांनी सुरू होतात. झालं, हे ग्रामर एलएल(१) आहे: डावीकडून वाचन, सगळ्यात डाव्या नॉनटर्मिनलचा विस्तार आधी, एका टोकनाचं डोकावणं. रिक्त पर्याय असलेल्या नियमात फॉलो बघायला नवशिके हमखास विसरतात. जनरेटर ‘संदिग्धता आहे’ म्हणून ओरडतो आणि माणूस फर्स्ट संचांकडे टक लावून बसतो.

## प्रॅटची युक्ती

अग्रक्रमाचे दहा-बारा थर असले की प्रत्येकाचं वेगळं फंक्शन लिहून हात दुखतात, आणि एक साधी संख्या वाचायलाही सगळ्या थरांतून खाली उतरावं लागतं. १९७३ मध्ये वॉन प्रॅटने यावर जो उपाय मांडला तो माझा सगळ्यात लाडका आहे. थरांऐवजी प्रत्येक चिन्हाला एक बळ द्यायचं: वजा आणि अधिक १०, गुणिले आणि भागिले २०, घात ३०. बंद कंस आणि शेवट शून्य.

    पदावली(किमान):
        डावे = आरंभ()
        जोवर बळ(पुढचे) > किमान:
            चिन्ह = टोकन खा
            उजवे = पदावली(बळ(चिन्ह))
            डावे = गाठ(चिन्ह, डावे, उजवे)
        डावे परत दे

‘आरंभ’ संख्या वाचतं किंवा कंस उघडून आतली पदावली(०) वाचून कंस बंद करून घेतं. आता १० - ४ - ३ बोटाने चालवा. पदावली(०) ने १० वाचले. वजाचं बळ १०, शून्यापेक्षा मोठं, म्हणून तो खाल्ला आणि पदावली(१०) ला हाक मारली. तिने ४ वाचले, पुढे पुन्हा वजा, बळ १०. पण १० हे १० पेक्षा मोठं नाही. ती ४ घेऊन परत आली. डावे झालं (१० - ४), आणि दुसरा वजा बाहेरच्या लूपच्या वाट्याला आला. उत्तर ३.

घात मात्र उजवीकडून जुळतो: २^३^२ म्हणजे २^९, ५१२. डावीकडून जुळवला तर ६४. त्यासाठी एकच बदल. घाताच्या वेळी आत पदावली(बळ - १), म्हणजे २९ पाठवायचं. मग आतली हाक पुढचा घात स्वतःच गिळते, कारण ३० हे २९ पेक्षा मोठं. जुळणीची बाजू म्हणजे शेवटी एकाचा फरक, हे कळलं त्या दिवशी मी बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले होते.

आता -२^२ घ्या. पायथनमध्ये (तिथे घात ** ने लिहितात) उत्तर -४ येतं, एक्सेलमध्ये ४. दोघांचं आपापल्या जागी बरोबर आहे, कारण हा भाषेच्या आखणीतला निर्णय आहे. प्रॅटमध्ये तो एका आकड्यात उतरतो: ‘आरंभ’ला वजा दिसला तर तो खाऊन पदावली(२५) वाचायची. घाताचं बळ ३० आहे, म्हणून घात आत ओढला जातो आणि पायथनसारखं होतं. २५ च्या जागी ४० ठेवलं की एक्सेलसारखं. -२*३ मध्ये गुणिलेचं बळ २० असल्यामुळे तो दोन्हीकडे बाहेरच राहतो.

डायक्स्ट्राचा १९६१ चा शंटिंग-यार्ड अल्गोरिदम हेच काम रिकर्शनशिवाय (फंक्शनने पुन्हा स्वतःलाच हाक न मारता), स्वतःचा स्टॅक ठेवून करतो. मी तो क्वचितच वापरते. चुकीच्या सूत्रावर नीट तक्रार करायला त्यात जास्त खटपट पडते.

## वाचून झाल्यावर ठरवणारे

एलएल पार्सरला नियमाचं पहिलं टोकन बघून नियम निवडावा लागतो. डॉनल्ड कनूथने १९६५ मध्ये दाखवलं की एवढी घाई नको. नियमाचं उजवं अंग पूर्ण वाचून स्टॅकवर जमू दे, मग ठरव. हे एलआर पार्सिंग. यात डावं आवर्तन अडचणीचं नाहीच, उलट सोयीचं आहे. कागदावरचं पहिलं ग्रामर (गुणाकार वगळून) जसंच्या तसं चालतं:

    स्टॅक                 उरलेले       कृती
    (रिकामा)             १० - ४ - ३    शिफ्ट
    संख्या                - ४ - ३       रिड्यूस: पद
    पद                   - ४ - ३       रिड्यूस: पदावली
    पदावली               - ४ - ३       शिफ्ट
    पदावली -             ४ - ३         शिफ्ट
    पदावली - संख्या       - ३           रिड्यूस: पद
    पदावली - पद          - ३           रिड्यूस: पदावली
    पदावली               - ३           शिफ्ट

पुढच्या ओळी तुम्ही लिहा. शिफ्ट म्हणजे टोकन उचलून स्टॅकवर ठेवणं, रिड्यूस म्हणजे माथ्यावरचं अंग काढून त्या जागी नियमाचं नाव ठेवणं.

सातव्या ओळीवर थांबा. माथ्यावर ‘पद’ आहे आणि ‘पदावली → पद’ असा नियमही आहे. मग तिसऱ्या ओळीसारखं नुसत्या पदालाच पदावली का केलं नाही? तसं केलं असतं तर स्टॅकवर ‘पदावली - पदावली’ आलं असतं आणि गाडी रुतली असती. स्टॅकच्या माथ्यावर काय आहे एवढ्याने निर्णय होत नाही, तिथवर कसे आलो हेही लागतं. एलआर पार्सर ते अवस्थांमध्ये साठवतो. अवस्था म्हणजे ठिपका घातलेल्या नियमांचा गठ्ठा. ठिपक्याच्या डावीकडचं वाचून झालं, उजवीकडचं यायचंय. सुरुवातीच्या अवस्थेतून ‘पद’ वाचून जिथे पोचतो तिथे ‘पदावली → पद •’ असतं. ‘पदावली -’ नंतर ‘पद’ वाचून पोचतो ती अवस्था वेगळी. तिच्यात फक्त ‘पदावली → पदावली - पद •’ असतं. चुकायला जागाच नाही. हे मला पुस्तक वाचून कळलं नव्हतं. या छोट्या ग्रामरच्या सगळ्या अवस्था एका दुपारी हाताने काढल्या तेव्हा कळलं. तुम्हीही काढा, त्या नऊच भरतात.

कुठल्या अवस्थेत काय करायचं याची कोष्टकं कनूथच्या मूळ पद्धतीत अवाढव्य होत. फ्रँक डीरेमरने १९६९ मध्ये एलएएलआर सुचवली: ठिपक्यांचे गठ्ठे सारखे आणि फक्त डोकावण्याची टोकनं वेगळी असतील तर त्या अवस्था एकत्र करायच्या. बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सनने लिहिलेलं याक हे जनरेटर त्यावरच उभं आहे, आणि त्यानंतर आलेलं बायसनही मुळात तेच करतं. या एकत्रीकरणातून क्वचित असा रिड्यूस-रिड्यूस कॉन्फ्लिक्ट (एकाच वेळी दोन नियमांनी रिड्यूस करता येण्याचा पेच) उपटतो जो तुमच्या ग्रामरमध्ये मुळात नसतो. बायसनमध्ये अशा वेळी पूर्ण एलआर(१) किंवा आयईएलआर (तेवढ्याच ताकदीचं, पण लहान कोष्टकांचं) मागता येतं. डोकं खाजवत बसण्याआधी ते करून पाहा.

शिफ्ट करू की रिड्यूस असा पेच, म्हणजे शिफ्ट-रिड्यूस कॉन्फ्लिक्ट. त्याचं नेहमीचं उदाहरण लोंबकळणाऱ्या ‘नाहीतर’चं:

    जर अ तर जर ब तर क नाहीतर ड

‘नाहीतर’ कोणत्या ‘जर’चा? याक काही न विचारता शिफ्ट करतं, म्हणजे जवळच्या ‘जर’चा. बहुतेक भाषांना तेच हवं असतं, म्हणून लोक इशाऱ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतात, आणि तिथेच गडबड सुरू होते. एका जुन्या प्रकल्पात मला ४० च्या वर कॉन्फ्लिक्ट असलेलं ग्रामर वारशाने मिळालं होतं. ‘ते असतातच’ असं सांगण्यात आलं. त्यातले बहुतेक खरंच निरुपद्रवी निघाले. एक मात्र रिड्यूस-रिड्यूस होता. अशा वेळी याक फाइलमध्ये आधी लिहिलेला नियम लावतं, आणि कुणीतरी नियमांचा क्रम बदलल्यावर भाषेचा अर्थ गुपचूप बदललेला होता. म्हणून माझा दंडक असा: शिफ्ट-रिड्यूस असेल तर अग्रक्रमाच्या घोषणेने मिटवा आणि शेजारी कारण लिहा, रिड्यूस-रिड्यूस एकही ठेवू नका. बायसन ३.७ पासून, म्हणजे २०२० पासून, कॉन्फ्लिक्टचं प्रत्यक्ष उदाहरण-वाक्य मागता येतं. ते वाक्य समोर आलं की निम्मं काम होतं. त्याआधी आम्ही अवस्थांच्या लांबलचक यादीत बोट ठेवून फिरायचो.

## ठरवायला नकार देणारे

ग्रामर तुमच्या हातात नसेल, किंवा संदिग्धता हा भाषेचा स्वभावच असेल, तर वरचं सगळं निरुपयोगी ठरतं. ‘लाल फुलांची फुलदाणी’ यात लाल काय आहे, फुलं की फुलदाणी? दोन्ही अर्थ रास्त आहेत, दोन्ही झाडं हवीत. (‘मोठ्या फुलांची फुलदाणी’ आणि ‘मोठी फुलांची फुलदाणी’ यांत गोंधळ होत नाही, कारण विशेषण विकारी आहे आणि विभक्ती सांगून जाते. ‘लाल’ अविकारी, तो काहीच सांगत नाही.)

अशा वेळी सीवायके. कॉक, यंगर आणि कासामी यांनी साठच्या दशकात आपापल्या वाटेने गाठलेली ही पद्धत. अट एक: प्रत्येक नियमाच्या उजवीकडे दोन नॉनटर्मिनल किंवा एक टर्मिनल. आपलं ग्रामर योगायोगाने तसंच आहे:

    नाम → विशेषण नाम | संबंधी नाम | फुलदाणी
    संबंधी → विशेषण संबंधी | फुलांची
    विशेषण → लाल

आता तुकडे लांबीप्रमाणे भरत जा. एका शब्दाचे तुकडे: लाल हे विशेषण, फुलांची संबंधी, फुलदाणी नाम. दोन शब्दांचे: ‘लाल फुलांची’ म्हणजे विशेषण आणि संबंधी, त्याचं संबंधी, ‘फुलांची फुलदाणी’ म्हणजे संबंधी आणि नाम, त्याचं नाम. तीन शब्द: पहिल्या शब्दानंतर तोडलं तर विशेषण आणि नाम, म्हणजे नाम. दुसऱ्यानंतर तोडलं तर संबंधी आणि नाम, पुन्हा नाम. एकाच घरात नाम दोन वाटांनी आलं, ही दोन झाडं. अल्गोरिदमने कुठेही निवड केली नाही, सगळ्या शक्यता मांडून ठेवल्या. तीन लूप एकात एक, म्हणून वेळ वाक्याच्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात लागतो. छोट्या वाक्यांना चालतं, लाखभर टोकनांच्या फाइलला नाही.

जे अर्लीची पद्धत (१९६८ चा प्रबंध, १९७० चा लेख) मला रोजच्या वापराला जास्त आवडते. ग्रामरला विशिष्ट साच्यात बसवावं लागत नाही. एलआरसारखेच ठिपक्याचे नियम, पण ते आगाऊ कोष्टकात न ठेवता वाचता वाचता तयार होतात, आणि प्रत्येकाशेजारी तो कुठून सुरू झाला ते नोंदलेलं असतं. ठिपक्यानंतर नॉनटर्मिनल असेल तर त्याचे नियम आणून ठेवा. टर्मिनल असेल तर पुढच्या टोकनाशी ताडा. ठिपका टोकाला पोचला असेल तर जिथून सुरुवात झाली तिथे परत जाऊन वाट बघणाऱ्यांचा ठिपका पुढे सरकवा. बस. सर्वात वाईट वेळ घनाचाच, पण संदिग्ध नसलेल्या ग्रामरला वर्ग पुरतो. नव्या भाषेचं ग्रामर रोज बदलत असतं त्या काळात मी अर्लीच लावते, कारण कॉन्फ्लिक्ट ही भानगडच नसते. ग्रामर स्थिरावलं की पार्सर हाताने लिहून काढते.

एक खड्डा: रिक्त नियम. रिक्त नॉनटर्मिनल ज्या संचात सुरू होतं त्यातच पूर्ण होतं, आणि वाट बघणारा नंतर आला तर त्याची चुकामूक होते. एकॉक आणि हॉर्सपूल यांनी २००२ मध्ये सोपा उपाय दिला: ठिपक्यानंतरचं नॉनटर्मिनल रिक्त होऊ शकत असेल तर नियम आणतानाच ठिपका त्याच्या पलीकडे सरकवलेली प्रतही ठेवून द्या.

जीएलआर, म्हणजे कॉन्फ्लिक्ट आला की स्टॅकला फाटे फोडणारा एलआर, टोमिताने १९८५ च्या सुमारास रूढ केला. बायसनमध्ये तो आहे, आणि कोड लिहायच्या एडिटरांत वापरलं जाणारं ट्री-सिटरही त्याच घराण्यातलं.

पीईजीला (पार्सिंग एक्स्प्रेशन ग्रामरला) मात्र या रांगेत बसवू नका. ब्रायन फोर्डने २००४ मध्ये मांडलेली ही मांडणी कॉन्टेक्स्ट-फ्री ग्रामरसारखी दिसते, पण तिथला ‘किंवा’ क्रमवार आहे: पहिला पर्याय जुळला की त्या जागी दुसऱ्याला कधीच संधी नाही. संदिग्धता शिल्लकच उरत नाही. पण '>' आधी आणि '>=' नंतर लिहिलंत तर '>=' कधीच जुळणार नाही, आणि कुणी इशाराही देणार नाही. पायथनने ३.९ मध्ये (२०२०) जुना एलएल(१) पार्सर सोडून पीईजी घेतला, म्हणजे ही खेळण्यातली गोष्ट नव्हे. लांब पर्याय आधी लिहा, एवढं पाळा.

## मग कोणती घ्यायची

सूत्रं, सेटिंगच्या फाइली, छोट्या क्वेरी भाषा यांच्यासाठी वाक्यरचनेला हाताने लिहिलेला रिकर्सिव्ह डिसेंट आणि पदावल्यांना प्रॅट. मोठ्यांनीही हेच केलंय. जीसीसी या कंपायलरने सी++ साठी ३.४ मध्ये आणि सी साठी ४.१ मध्ये याकच्या वळणाचा पार्सर काढून हाताने लिहिलेला बसवला, गो भाषेच्या कंपायलरने १.६ मध्ये, २०१६ साली. कारण बहुतेक वेळा चुकीचे संदेश हे असतं. ‘सिंटॅक्स एरर’ एवढंच सांगणारा पार्सर वापरणाऱ्याला शिवी दिल्यासारखाच. हाताने लिहिलेल्या फंक्शनला आपण कुठे आहोत हे माहीत असतं, त्यामुळे ‘पाचव्या ओळीत उघडलेला कंस बंद झालेला नाही’ असं ते म्हणू शकतं. त्यासाठी कंस खाताना त्याची जागा लक्षात ठेवा. चूक सापडल्यावर पुढे चालू राहायचं असेल तर अर्धविराम किंवा बंद महिरपी कंस सापडेपर्यंत टोकनं टाकत जा आणि तिथून नव्याने सुरू करा. दर फेरीत निदान एक टोकन खाल्लं जातंय ना, ते तपासा. नाहीतर चूक सावरणारा लूपच अनंत फिरतो.

चाचण्यांसाठी उत्तरं ताडू नका, झाडं ताडा. पार्स झालेलं झाड पूर्ण कंस घालून छापणारं छोटं फंक्शन पहिल्या दिवशीच लिहा. १० - ४ - ३ दिल्यावर ((१० - ४) - ३) छापलं गेलं पाहिजे. ते छापील रूप पुन्हा पार्स केलं की तेच झाड यायला हवं. प्रत्येक दोन चिन्हांची जोडी दोन्ही क्रमांनी द्या, वजा-वजा आणि भागिले-गुणिले धरून. मग ग्रामरवरूनच यादृच्छिक वाक्यं तयार करून रात्रभर पार्सरला घाला.

शेवटची चाचणी एक लाख उघड्या कंसांची. रिकर्शन असलेला कुठलाही पार्सर त्यावर स्टॅक संपून मरतो, आणि कुणीतरी कधीतरी असा मजकूर मुद्दाम पाठवतंच. खोली मोजणारा एक आकडा ‘आरंभ’मध्ये ठेवा: कंस उघडला की एक वाढवा, बंद झाला की एक कमी करा, हजाराच्या वर गेला की नकार द्या. संख्येच्या किंवा कंसाच्या आधी येणारा ऋण वजाही त्यात मोजायला विसरू नका. मी विसरले होते, आणि एक लाख वजांनी पार्सर तसाच आडवा पडला.